आठमाही वाफा आणि त्याचा कागद

कृष्णा आणि पंचगंगा यांच्या संगमावर वसलेल्या नृसिंहवाडीला नदी दोन देणग्या देते. पावसाळ्यात पाणी चढले की ते दत्तमंदिरात उत्तरेच्या दाराने शिरते, पादुकांवरून वाहत दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते आणि दक्षिणद्वाराच्या स्नानासाठी भाविकांची रीघ लागते. ही पहिली देणगी सर्वांना ठाऊक आहे. दुसरीचा फारसा गाजावाजा होत नाही. पाणी ओसरल्यावर काठावर जो गाळ उरतो त्यातून मळीची जमीन तयार होते, आणि या जमिनीत पिकणाऱ्या वांग्यांची चव कृष्णाकाठाबाहेरही नावाजलेली आहे.

पहिल्या देणगीत लहानथोर सर्वांना वाटा मिळतो. दुसरीत मात्र ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यालाच तो मिळतो. गावात राहणाऱ्या, पण जमीन नसलेल्या माणसांचा वर्ग लहान नसतो. शाळेतला शिक्षक, कचेरीतला कारकून, पेढ्याबर्फीच्या दुकानातला नोकर, शिक्षणासाठी खोली घेऊन राहिलेला विद्यार्थी हे सारे त्यात मोडतात. अशा माणसाला दोन-अडीच गुंठ्यांचा तुकडा भाड्याने मिळाला, तर सकाळ-संध्याकाळच्या तासाभराच्या श्रमात मेथी, वांगी, मिरची, गवार एवढे तरी घरचे होईल. उलट ज्याच्यापाशी जमीन आहे त्याचे मनुष्यबळ नोकरीधंद्यासाठी इचलकरंजीला, सांगलीला वा पुण्याला गेलेले असते आणि शेताचा एखादा कोपरा पडून राहतो. घेणारा आहे, देणारा आहे. मग व्यवहार का होत नाही? आणि झालाच तर तोंडी का होतो?

भीतीचे मूळ

याचे उत्तर कायद्यात आहे. १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाने दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणाऱ्यास, तो मालकाच्या कुटुंबातील किंवा मजुरीवरचा गडी नसेल तर, कूळ मानले. १ एप्रिल १९५७ या कृषकदिनी अशी कुळे जमिनीची मालक ठरली. आणि त्यानंतर लागणाऱ्या कुळालाही पहिल्या वर्षाच्या आत जमीन खरेदी करण्याचा हक्क कायद्याने दिला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या शेतात राबणाऱ्यांना या कायद्याने माणूस म्हणून उभे केले, हे निर्विवाद आहे. परंतु त्याचा एक अनपेक्षित परिणाम असा झाला की, जमीनमालक आपली जमीन कोणाच्या हाती कागदावर द्यायला भिऊ लागला. ‘कूळ लागेल’ हे दोन शब्द गावोगावच्या संभाषणात धोक्याच्या घंटेसारखे वाजतात.

म्हणून व्यवहार होतो तो तोंडी. खंडाने म्हणा, अर्धेलीने म्हणा, बोली एका हंगामाची असते. पुढच्या वर्षी माणूस बदलायचा किंवा निदान तुकडा बदलायचा, म्हणजे कोणाची वहिवाट सिद्ध होऊ नये. यात फसवणुकीचा हेतू असतोच असे नाही. दोघेही सज्जन असतात. पण कायद्याच्या सावलीत दोघांनाही एकमेकांचा भरवसा धरता येत नाही.

या भित्रेपणाची किंमत जमीन मोजते. पुढच्या साली हा वाफा आपल्याकडे राहील की नाही हे ज्याला ठाऊक नाही, तो त्यात शेणखत घालीत नाही. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षे पुरतो. तो दुसऱ्याच्या पदरात टाकण्याइतका उदार कोणी नसतो. तो युरियाची मूठ टाकतो, हंगामाचे पीक काढतो आणि मोकळा होतो.

माणसालाही ही किंमत मोजावी लागते. २००५, २०१९ आणि २०२१ या वर्षांच्या महापुरांनी शिरोळ तालुक्याला जे दाखवले ते या भागातील कोणी विसरणार नाही. अशा वेळी पंचनामे होतात, पण मदत जमा होते ती खातेदाराच्या नावावर. २०२१ पासून राज्यात सुरू झालेल्या ई-पीक पाहणीतही पिकाची नोंद करायची ती खातेदाराने. ज्याने बी पेरले, पाणी पाजले, त्याचे नाव कोठेच नसते. आणि जे नाव दप्तरात नाही त्याचे नुकसानही दप्तरात नसते.

चाळीस पोल आणि दहा गुंठे

भूमिहीन नगरवासीयाला भाजीचा वाफा भाड्याने देण्याची पद्धत युरोपात शंभरावर वर्षे चालत आली आहे. इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने असे तुकडे उपलब्ध करून देण्याचे कर्तव्य स्थानिक संस्थांवर टाकले; सहा मतदारांनी मागणी केली तरी तिचा विचार करणे त्यांना भाग आहे. पुढे १९२२ च्या कायद्याने अशा बागेची मर्यादा चाळीस पोल ठरवली आणि तिचे उत्पन्न मुख्यतः कसणाऱ्याच्या कुटुंबासाठी असावे अशी अट घातली. त्याच कायद्याने वाफा सोडावा लागणाऱ्या माणसाला दोन गोष्टींची भरपाई मागण्याचा हक्क दिला: उभ्या पिकाची आणि जमिनीत घातलेल्या खताची. खताची भरपाई! नृसिंहवाडीच्या काठावर जी अडचण आहे, तिच्यावर नेमके बोट ठेवणारी ही तरतूद आहे.

जर्मनीत लाइपझिग येथे १८६४ मध्ये स्थापन झालेल्या एका संस्थेतून अशाच बागांची चळवळ वाढली. तेथील १९८३ च्या कायद्याने वाफा चारशे चौरस मीटरांहून, म्हणजे सुमारे चार गुंठ्यांहून, मोठा नसावा असे ठरवले आणि त्या भागात धंद्यासाठी भाजीफळे पिकविणाऱ्या जमिनीला जो खंड पडतो त्याच्या चौपटीहून अधिक भाडे घेण्यास बंदी केली.

इंग्लंडच्या त्या चाळीस पोलांचा हिशेब केला तर ते १२१० चौरस यार्ड होतात. आपला गुंठा १२१ चौरस यार्डांचा. म्हणजे ती मर्यादा बरोबर दहा गुंठ्यांची ठरते. आणि कोल्हापूर जिल्ह्याला दहा गुंठे हा आकडा परका नाही. गणिताचे अध्यापक आणि प्रयोग परिवाराचे प्रवर्तक श्री. अ. दाभोलकर (१९२४–२००१) यांनी पाच माणसांच्या कुटुंबाच्या सुखी निर्वाहासाठी दहा गुंठे पुरे, असे आयुष्यभर मांडले आणि शेतकऱ्यांच्या प्रयोगांतून पडताळले. ब्रिटिश संसदेने बागेसाठी घातलेली मर्यादा आणि कोल्हापूरच्या या गणितज्ञाचा हिशेब एकाच आकड्यावर यावा, हा योगायोग विचार करायला लावणारा आहे.

महाराष्ट्रातही असा प्रकार अगदीच नाही असे नव्हे. मुंबईत रेल्वेमार्गांच्या कडेची जमीन अतिक्रमणापासून वाचावी म्हणून ‘अधिक धान्य पिकवा’ योजनेखाली ती परवान्याने रेल्वेच्या कर्मचाऱ्यांना भाजीसाठी देण्यात आली. तेथे भाजीला गटाराचे पाणी दिले जाते, ही तक्रार वारंवार झाली. त्यातून घ्यायचा धडा असा की, जमिनीच्या कागदाबरोबर पाण्याचीही व्यवस्था विचारात घेतली पाहिजे. पण लहान तुकडा, ठरावीक मुदत आणि लेखी परवाना हे तिन्ही येथे एकत्र येऊ शकतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

नदीचे पंचांग

नृसिंहवाडीसारख्या गावी या व्यवस्थेला नदीच्या पंचांगाची जोड देता येईल. कालव्याच्या पाण्यामुळे आठमाही हा शब्द शेतकऱ्याच्या ओळखीचा आहे. दसऱ्याच्या सुमारास पाणी उतरल्यावर वाफे आखावेत आणि मृगाच्या आधी मोकळे करावेत. पुराच्या चार महिन्यांत जमीन नदीची, उरलेल्या आठ महिन्यांत माणसाची. उसासारखे बारमाही पीक पुरात उभे सापडते. आठमाही भाजीचा वाफा तेव्हा रिकामाच असतो. शिवाय निळ्या पूररेषेच्या आत बांधकामाला मनाई असते. जेथे घर बांधता येत नाही, तेथे वाफे घालण्यास कोणाची हरकत असावी?

मात्र भाड्याचा काळ आठ महिन्यांचा असला तरी करार निदान पाच वर्षांचा हवा आणि दर दसऱ्याला तोच वाफा त्याच कुटुंबाकडे परत यायला हवा. गाळाने बांध बुजतात, खुणा वाहून जातात. म्हणून वाफ्यांचा नकाशा ग्रामपंचायतीत राहिला पाहिजे. दहा गुंठ्यांपर्यंतच्या, घरच्या भाजीपुरत्या अशा लेखी करारातून कुळाचा हक्क निर्माण होणार नाही, असे कायद्याने स्पष्ट म्हणावे. त्याच्या बदल्यात वाफेकऱ्याला उभ्या पिकाची, घातलेल्या खताची आणि आपत्तीतील मदतीची हमी मिळावी. शेतजमीन भाडेपट्ट्याने देण्यासंबंधी नीती आयोगाच्या समितीने २०१६ मध्ये नमुना कायदा सुचवला आहे; त्यातही मालकाची मालकी आणि कसणाऱ्याची मुदत या दोहोंना एकाच वेळी संरक्षण देण्याची दृष्टी आहे.

यावर आक्षेप येतील आणि ते हलके मानू नयेत. कुळकायद्याला एक भोक पाडले की त्यातून मोठे मासे निसटतील, हा पहिला. दहा गुंठ्यांचे दहा करार करून कोणी अडीच एकर शेती कुळाविना कसून घेईल, ही शंका रास्त आहे. म्हणूनच एका कुटुंबाला एकच वाफा, तोही त्याच गावात राहणाऱ्याला आणि स्वतः कसणाऱ्याला, या अटी कायद्यातच असल्या पाहिजेत. ज्याचे पोट त्या जमिनीवर आहे तो कूळच राहील. त्याच्या हक्काला धक्का लागता कामा नये. दुसरा आक्षेप सार्वजनिक जमिनीचा. गावाची सामाईक जमीन खासगी हाती जाऊ नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग खटल्यात २८ जानेवारी २०११ रोजी बजावले आहे. तेव्हा गायरानाला हात लावण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. वाफे हवेत ते राजीखुशीने देणाऱ्या खातेदारांच्या पडीक कोपऱ्यांवर. सार्वजनिक न्यासांच्या जमिनींना कुळाच्या खरेदीहक्कातून अटींसह सूट आहे, त्यामुळे त्यांचे विश्वस्तही यात पुढाकार घेऊ शकतील.

एका वाफ्याने कोणाचे दारिद्र्य फिटणार नाही. परंतु शिक्षकाच्या घरची पोरे वांग्याचे रोप लावायला शिकतील, कारकुनाला महागाईच्या दिवसांत आठवड्याची भाजी सुटेल, आणि जमिनीला दोन वर्षांपुढचा विचार करणारा माणूस लाभेल. गाळ टाकताना नदी सातबारा पाहत नाही. त्या गाळात शेणखताची पाटी ओतण्याचे धैर्य भूमिहीन माणसाला यावे, यासाठी लागतो तो एक साधा कागद. आणि तो देणे माणसाच्याच हाती आहे.