तळहातावरची मोटार

खेळण्यांच्या दुकानात तुम्ही लहान लहान मोटारी पाहिल्या असतील. काही चावी दिली की पळतात, काही दोरीने ओढायच्या असतात, तर काही बॅटरीवर चालतात. अशी मोटार घरी आणली की मुले चार दिवस तिच्याशी खेळतात आणि चाक निखळले की ती कोपऱ्यात पडते. पण काही माणसांना मोटार घेण्यापेक्षा ती तयार करण्यातच आनंद वाटतो. रस्त्यावरची एखादी खरी गाडी ती मोजतात, तिची चित्रे काढतात आणि तिची छोटी प्रतिकृती आपल्या हातांनी घडवतात. दारे, खिडक्या, दिवे, आरसे, सारे काही जागच्या जागी असते. अशी प्रतिकृती पाहिली की आपण सहज म्हणतो, "वा! अगदी हुबेहूब!" हा 'हुबेहूब' शब्द तुम्हांला परका वाटणार नाही. तुमच्या उर्दूतील 'हू-ब-हू' तो हाच. या छंदाचे अर्धे मर्म या एका शब्दात आहे. उरलेले अर्धे काय, ते आपण पुढे पाहू.

प्रतिकृती हुबेहूब दिसण्यासाठी पहिली गरज असते ती प्रमाणाची. नकाशाचे प्रमाण तुम्ही भूगोलात शिकला आहात. तीच गोष्ट येथेही आहे. प्रतिकृतीवर १:२४ असे लिहिले असेल, तर खऱ्या गाडीवरचे २४ सेंटिमीटर हे प्रतिकृतीवर १ सेंटिमीटर होतात, असा त्याचा अर्थ.

समजा, आपल्याला मुंबईची जुनी काळी-पिवळी टॅक्सी तयार करायची आहे. ही प्रीमियर पद्मिनी गाडी मुंबईतच, कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होत असे. तिचा मूळ आराखडा इटलीच्या फियाट कंपनीचा होता, म्हणून लोक तिला शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. तिची लांबी सुमारे ३.९ मीटर, म्हणजे ३९० सेंटिमीटर. या संख्येला २४ ने भागा. उत्तर येईल १६.२५. म्हणजे आपली टॅक्सी सव्वासोळा सेंटिमीटर लांब झाली पाहिजे. खऱ्या गाडीची रुंदी आणि उंची दोन्ही दीड मीटरहून थोड्या कमी आहेत. प्रतिकृतीत त्या प्रत्येकी सुमारे ६ सेंटिमीटर होतील. तळहातावर सहज उभी राहील एवढी ही टॅक्सी!

आता एक गंमत पाहा. लांबी, रुंदी आणि उंची ही तिन्ही मापे २४ पटींनी कमी झाली. २४ ला २४ ने आणि पुन्हा २४ ने गुणले तर १३,८२४ ही संख्या येते. म्हणजे एका खऱ्या टॅक्सीच्या आकारमानात अशा १३,८२४ छोट्या टॅक्सी बसतील.

मापाकडे दुर्लक्ष केले तर काय होते? टॅक्सीच्या चाकाचा व्यास टायरसह सुमारे ६० सेंटिमीटर असतो. प्रतिकृतीत तो अडीच सेंटिमीटर हवा. घरात पाण्याच्या बाटलीची झाकणे असतात. ती चाकांसारखी गोल दिसतात, म्हणून आपण चटकन तीच लावतो. पण झाकणाचा व्यास साधारण ३ सेंटिमीटर असतो. खऱ्या गाडीच्या मापात हे चाक ७२ सेंटिमीटरचे झाले! फरक केवळ अर्ध्या सेंटिमीटरचा. पण तेवढ्याने टॅक्सी बैलगाडीच्या चाकांवर चढवल्यासारखी दिसू लागते. पाहणाऱ्याला चूक नेमकी सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडले आहे, हे त्याच्या डोळ्यांना लगेच कळते.

जगभर या छंदात काही ठरावीक प्रमाणे वापरली जातात. त्यांच्यामागेही कारणे आहेत. १:२४ हे प्रमाण फूट आणि इंच यांच्या हिशेबातून आले. या प्रमाणात खऱ्या गाडीचा एक फूट प्रतिकृतीत बरोबर अर्धा इंच होतो. १:४३ हे प्रमाण इंग्लंडमधील खेळण्यातल्या आगगाड्यांकडून आले. आगगाडीच्या स्टेशनाबाहेर उभी करायची मोटार आगगाडीला शोभेल एवढीच हवी ना! लंडनच्या लेस्नी कंपनीच्या 'मॅचबॉक्स' मोटारींची गोष्ट तर फारच मजेदार आहे. या कंपनीतील जॅक ओडेल यांच्या मुलीच्या शाळेत काडेपेटीत मावेल एवढेच खेळणे आणण्याची परवानगी होती, असे सांगतात. म्हणून त्यांनी तिच्यासाठी पितळेचा एक चिमुकला रोडरोलर तयार केला. त्यातूनच काडेपेटीसारख्या खोक्यात मिळणाऱ्या मोटारींची कल्पना निघाली आणि १९५३ साली त्या बाजारात आल्या. या मोटारींचे माप प्रमाणाने ठरत नसे. ते खोक्याने ठरत असे.

प्रतिकृती तयार करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला मार्ग म्हणजे सुट्या भागांचा संच आणणे. संचात प्लॅस्टिकच्या चौकटींना जोडलेले अनेक लहान भाग असतात. ते कापून, घासून, क्रमाने जोडायचे असतात. या प्लॅस्टिकसाठी विशेष द्राव वापरतात. डिंक दोन कागदांच्या मध्ये वाळतो आणि त्यांना धरून ठेवतो. हा द्राव मात्र प्लॅस्टिकचा पृष्ठभाग किंचित विरघळवतो. दोन्ही भागांचे विरघळलेले प्लॅस्टिक एकमेकांत मिसळते, द्राव उडून जातो आणि दोन भागांचा एकच भाग होतो. म्हणून हा द्राव थेंबाथेंबानेच लावावा लागतो. खिडकीच्या पारदर्शक तुकड्यावर त्याचा एक थेंब सांडला, तर ती खिडकी कायमची धुरकट होते.

दुसऱ्या मार्गाला पैसे फारसे लागत नाहीत. वेळ मात्र लागतो. वहीचे जुने पुठ्ठे, लग्नपत्रिकांचा जाड कागद, पारदर्शक प्लॅस्टिक, बारीक तार, रिकामी रिफिल, अशा वस्तूंतून उत्तम मोटार तयार होते. आधी गाडीच्या समोरून, बाजूने, मागून आणि वरून अशा चार आकृत्या कागदावर मापाने काढाव्यात. त्या पुठ्ठ्यावर चिकटवून कापाव्यात. जेथे पत्रा वळलेला आहे, तेथे पुठ्ठ्यावर हलकी रेघ ओढून तो वाकवावा. चाकांसाठी पुठ्ठ्याच्या चकत्या एकावर एक चिकटवाव्यात. धारदार पाते वापरताना घरातील मोठ्या माणसांना जवळ बसवावे. रंग आणि द्राव यांचा वास घरात कोंडू नये, म्हणून खिडकी उघडी ठेवावी.

मग येते रंगाचे काम. येथे घाई करणारा हमखास फसतो. रंगाचा जाड थर दिला की काम लवकर होईल, असे वाटते. पण प्रमाणाचा नियम रंगालाही लागू आहे. रंगाचा थर मिलिमीटरचा दहावा भाग एवढाच जाड असला, तरी खऱ्या गाडीच्या मापात तो जवळजवळ अडीच मिलिमीटर होतो. एवढ्या जाड रंगात दाराच्या फटी बुजून जातात आणि गाडी साबणाच्या वडीसारखी दिसते. म्हणून आधी अस्तराचा पातळ हात द्यावा. तो वाळला की बारीक पॉलिश पेपरने अलगद घासावा. मग रंगाचे दोन-तीन पातळ हात द्यावेत. प्रत्येक हात पूर्ण वाळेपर्यंत गाडीला बोट लावायचे नाही! खरोखर, या छंदातील सर्वांत अवघड काम वाट पाहण्याचेच आहे.

आता राहिलेले अर्धे मर्म पाहू. प्रतिकृती करणारे लोक केवळ नक्कल करून थांबत नाहीत. ते गाडीचे रूप पालटतात. १९५८ साली अमेरिकेतील ए.एम.टी. या कंपनीने एक नव्या तऱ्हेचा संच बाजारात आणला. त्यातून तीन प्रकारच्या गाड्या करता येत. कारखान्यातून निघते तशी गाडी, शर्यतीची गाडी किंवा आपल्या आवडीने सजवलेली गाडी, यांपैकी कोणती करायची हे ज्याचे त्याने ठरवायचे. भाग तेच, पण दहा मुलांच्या हातून दहा निराळ्या गाड्या तयार होत. उरलेले भाग कोणी फेकून देत नसे. ते डब्यात जपून ठेवायचे आणि पुढच्या गाडीला लावायचे, अशी या छंदाची रीतच पडली.

रूप पालटण्यासाठी आधी गाडी नीट कळावी लागते. जपानमधील तामिया ही प्रतिकृती तयार करणारी प्रसिद्ध कंपनी आहे. पोर्श मोटारीची मोठी प्रतिकृती करताना तिच्या लोकांनी खरी पोर्श गाडी विकत घेतली आणि तिचा एकेक भाग सुटा करून पाहिला. पुन्हा जोडताना मात्र त्यांना पोर्शच्या तंत्रज्ञाची मदत घ्यावी लागली! त्या परिश्रमातून तयार झालेली १:१२ प्रमाणातील प्रतिकृती १९७६ साली बाजारात आली. छोटी गाडी चांगली करायची, तर मोठ्या गाडीचा अभ्यास असा करावा लागतो.

"हे सारे ठीक आहे, पण या छंदाचा उपयोग काय?" असे तुम्हांला कोणी विचारील. त्याला एक खरी हकिकत सांगा. १९३० साली अमेरिकेत जनरल मोटर्स या कंपनीच्या फिशर बॉडी विभागाने मुलांसाठी कारागिरीची स्पर्धा सुरू केली. आरंभी नेपोलियनच्या काळातील शाही बग्गीची प्रतिकृती करावी लागे. १९३७ पासून स्वतःच्या कल्पनेतील मोटार घडवण्याची स्पर्धाही घेण्यात येऊ लागली. बक्षीस म्हणून उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्त्या मिळत. १९६८ पर्यंत ही स्पर्धा चालली. चक जॉर्डन नावाच्या एका विद्यार्थ्याने १९४७ साली तिच्यात पहिले बक्षीस मिळवले. पुढे तो त्याच कंपनीत मोटारींचे आराखडे करू लागला आणि १९८६ साली कंपनीच्या आराखडा विभागाचा उपाध्यक्ष झाला. लहानपणी ज्या हातांनी छोटी मोटार घडवली, त्याच हातांनी पुढे खऱ्या मोटारींना रूप दिले. या स्पर्धेत मुलींना प्रवेश नव्हता. पण हात मुलाचे आहेत की मुलीचे, हे पुठ्ठा कधी विचारत नाही. तो एवढेच पाहतो, की हात स्थिर आहे की नाही.

छंद असणारा प्रत्येकजण मोठ्या हुद्द्यावर पोहोचतो असे नाही. पण पाहण्याची सवय मात्र प्रत्येकाला लागते. रोज डोळ्यांसमोरून जाणारी वस्तू आपण खरोखर पाहिलेली नसते, हे प्रतिकृती करायला बसल्यावरच कळते. आणि कधी कधी ती वस्तू पाहायची संधीही निघून जाते. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी तयार होणे थांबले. टॅक्सीला वीस वर्षांची वयोमर्यादा होती. एकेक गाडी रस्त्यावरून उतरत गेली आणि २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईतील शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. अनेक दशके ज्या टॅक्सीशिवाय मुंबईचे चित्र पूर्ण होत नसे, ती आता छायाचित्रांत आणि माणसांच्या आठवणींत उरली आहे.

तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात एखादे आजोबा असतील, ज्यांनी आयुष्यभर ही टॅक्सी चालवली. वही आणि पेन्सिल घेऊन त्यांच्याजवळ बसा. भाड्याचा मीटर गाडीच्या कोणत्या बाजूला होता? गिअरचा दांडा कोठे होता? टपावर सामानाची जाळी होती का? मागच्या काचेवर त्यांनी कोणते नाव लिहून घेतले होते? आतून छताला कोणत्या रंगाचे कापड लावले होते? ही उत्तरे कोणत्याही संचात मिळणार नाहीत. कारखान्यातून सगळ्या टॅक्सी सारख्याच निघाल्या. चालवणाऱ्याने आपल्या आवडीने सजवली, तेव्हा ती त्याची झाली. तुमच्या प्रतिकृतीतही ती सजावट आली, तरच ती आजोबांची टॅक्सी होईल.

गाडी पुरी झाली की ती त्यांच्या तळहातावर ठेवा. ते ती डोळ्यांजवळ नेतील, फिरवून फिरवून पाहतील आणि कदाचित म्हणतील, "बेटा, मीटर थोडा पुढे होता." वाईट वाटून घेऊ नका. मीटर अलगद सोडवा आणि थोडा पुढे चिकटवा.