हॉलमधला पाव मैल

दीडशे-दोनशे रुपयांची हॉट व्हील्स, एक छोटा ड्रिल, थोडं एम-सील आणि भरपूर पेशन्स. खिशात मावणारा ड्रॅग रेसर घरच्या घरी कसा तयार होतो, आणि चांगली कमावती मंडळी त्यासाठी रात्र-रात्र का जागतात?

पाव मैल म्हणजे ४०२ मीटर. ड्रॅग रेसिंगचा सगळा खेळ या एका सरळ रेषेत. वळणं नाहीत, लॅप्स नाहीत, स्ट्रॅटेजी वगैरे भानगड नाही. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या, मध्ये दिव्यांचा खांब. त्याला म्हणतात 'ख्रिसमस ट्री', आणि तो १९६३ पासून आहे. हिरवा लागला की सुटायचं. बस्स!

आता या ४०२ मीटरला ६४ने भागा. कारण आपल्या खेळण्यातल्या गाड्या साधारण एकास चौसष्ट या प्रमाणात असतात. उत्तर येतं सहा मीटर आणि वर अठ्ठावीस सेंटीमीटर, म्हणजे वीस फूट सात इंच. टू बीएचकेमध्ये हॉलच्या खिडकीपासून किचनच्या दारापर्यंत हे अंतर बसतं. विश्वास नसेल तर टेप घेऊन मोजा.

मला हे गणित शिकवलं माझ्या मावसभावाने. वय अडतीस, नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, घर पुण्यात, मुलगी सात वर्षांची. त्याच्या बेडरूमच्या कोपऱ्यात एक जुनं स्टडी टेबल आहे आणि त्यावर कायम चार-पाच गाड्या उघड्या पडलेल्या असतात, ऑपरेशन थिएटरमधल्या पेशंटसारख्या. वहिनीच्या शब्दांत सांगायचं तर, "या घरात सुई-दोरा कधी सापडत नाही, पण पाऊण मिलिमीटरचा ड्रिल बिट लगेच सापडतो."

पण दादाची गाडी कायम एवढीशी नव्हती. कॉलेज संपता संपता त्याच्याकडे एक सेकंडहँड झेन होती. सायलेन्सर बदललेला, एअर फिल्टर बदललेला, स्प्रिंग कापून खाली आणलेली. मी तेव्हा शाळेत होते. दादा सोसायटीत आल्याचं तिसऱ्या मजल्यावर कळायचं. रात्री एकनंतर ही सगळी गँग बायपासवर जमायची. रेस कशाची, तर एका पुलापासून दुसऱ्या पुलापर्यंत. २००९च्या पावसाळ्यात त्यांच्यातला एक जण अशाच एका रात्री गेला. दादा त्या वेळी शेजारच्या गाडीत होता. चार महिन्यांनी झेन विकली. घरात यावर कुणी फारसं बोलत नाही, आणि हा लेख लिहायचा ठरला तेव्हा दादाची अट एकच होती. "लिही, पण त्याचं नाव घालू नकोस."

गंमत म्हणजे (गंमत हा शब्द इथे बरोबर नाही, पण दुसरा सुचत नाहीये) ड्रॅग रेसिंग हा खेळ मुळात जन्मलाच अशा पोरांना रस्त्यावरून उचलायला. दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात जुन्या फोर्ड गाड्यांचे 'हॉट रॉड' करून भर रस्त्यात पळवायचं खूळ पसरलं होतं. वॅली पार्क्स या माणसाने १९५१मध्ये नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. फंडा साधा होता: पळवायचीच आहे ना, मग बंद जागेत पळवा, हेल्मेट घालून, गाडी तपासून घेऊन. १९५३मध्ये पोमोना इथे त्यांची पहिली अधिकृत रेस झाली. आजही तिथले नियम अपघातांनंतर बदलतात. २००८मध्ये स्कॉट कलिट्टा या ड्रायव्हरचा मृत्यू झाला, आणि सगळ्यात वेगवान दोन वर्गांची रेस पाव मैलावरून हजार फुटांवर आली.

आपल्याकडे लोणावळ्याजवळ अ‍ॅम्बी व्हॅलीच्या धावपट्टीवर २०१०च्या दशकात ड्रॅग इव्हेंट्स झाल्या, पण रोजच्या गाडीत मनासारखे बदल करून ती रस्त्यावर आणायची म्हटलं की मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कंपनीच्या मूळ स्पेसिफिकेशनशी विसंगत बदल चालत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलं. एकास चौसष्टला मात्र आरटीओ नाही!

साप आणि मुंगूस

खेळण्याचं आणि खऱ्या ड्रॅग रेसिंगचं नातं तसं जुनं आहे. मॅटेल कंपनीने १९६८मध्ये पहिल्या सोळा हॉट व्हील्स बाजारात आणल्या. त्यातल्या बऱ्याच गाड्यांचा डिझायनर होता हॅरी ब्रॅडली, जनरल मोटर्समधून आलेला. बारीक अ‍ॅक्सल, गुळगुळीत कडक प्लॅस्टिकची चाकं आणि पॉलिश केलेल्या धातूवर पारदर्शक रंग. या गाड्या इतक्या पळायला लागल्या की मॅचबॉक्सला १९६९मध्ये 'सुपरफास्ट' चाकं आणावी लागली.

मग १९७०मध्ये मॅटेलने थेट दोन ड्रॅग रेसर्सना स्पॉन्सर केलं: डॉन 'द स्नेक' प्रुडोम आणि टॉम 'मंगूस' मॅकइवन. साप आणि मुंगूस, जाहिरातवाल्यांना आणखी काय हवं? पोरं घरात त्यांच्या पिवळ्या आणि लाल गाड्या पळवायची आणि खेळण्यांच्या पैशावर खऱ्या गाड्या पळायच्या. दादाला यातली १९७८ची रेस तोंडपाठ आहे. इंडियानापोलिसच्या यूएस नॅशनल्सची फायनल, समोरासमोर हेच दोघं. मॅकइवनचा मुलगा काही दिवसांपूर्वीच ल्युकेमियाने गेला होता. मॅकइवन जिंकला.

आधी मोडायची

तर, गाडी. आम्ही निवडली १९६९ची शेव्हरले कॅमॅरो. कारण? त्या वर्षी शेव्हरलेने सात लिटरच्या अख्ख्या अ‍ॅल्युमिनियमच्या इंजिनाच्या 'झेडएल-१' कॅमॅरो बनवल्या, त्या फक्त ६९. त्यातल्या ५० फ्रेड गिब या एका डीलरने ड्रॅग रेसिंगसाठी मागवलेल्या. किंमत ऐकून गिऱ्हाइकं पळाली आणि बऱ्याचशा गाड्या बिचाऱ्याला कंपनीकडे परत पाठवाव्या लागल्या.

पाकीट फोडणं हीच पहिली परीक्षा. कलेक्टर लोक गाडी पाकिटातून काढतसुद्धा नाहीत. कोपरा दुमडला तरी त्यांचा जीव कासावीस होतो. दादाने गाडी उलटी करून माझ्या हातात ड्रिल दिला. "एकदा रिव्हेट उडवला की ही कुणी विकत घेणार नाही. चालेल?"

"चालेल की."

"मग हळू. जोर नको लावूस, ड्रिलला त्याचं काम करू दे."

तळाला दोन रिव्हेट असतात. तीन मिलिमीटरच्या बिटने त्यांची फक्त टोपी कापायची, खालचा खांब शाबूत ठेवायचा. त्याच खांबात नंतर आटे पाडून स्क्रू बसतो आणि गाडी कितीही वेळा उघडता येते. चंदेरी कीस पडला, टोपी सुटली आणि पाच भाग टेबलावर: बॉडी, काच, सीट्सचा तुकडा, तळ आणि दोन अ‍ॅक्सल. एवढीच असते गाडी!

बॉडीचा धातू म्हणजे झॅमॅक. जस्त मुख्य, सोबत अ‍ॅल्युमिनियम, मॅग्नेशियम आणि तांबं. वितळवून साच्यात दाबतात, म्हणून डायकास्ट. मऊ असतो, कानशीने पटापट झिजतो, पण कानशीचे दाते लगेच भरतात. त्यावर दादाचा उपाय म्हणजे कानशीवर आधी खडू घासायचा. सोल्डरिंगचा विचारही करू नका. चारशे डिग्रीच्या आतच झॅमॅक पाघळतो, त्यामुळे जोडकाम सगळं अ‍ॅरल्डाइटवर.

जुना रंग काढायला पेंट रिमूव्हर. हे बाल्कनीतच, ग्लोव्हज घालून आणि पोरांना लांब ठेवून, कारण वास वाईट आणि वाफ त्याहून वाईट. काचेच्या बरणीत बॉडी ठेवली, वरून रिमूव्हर सोडला आणि काही मिनिटांत रंगाला दुधावरच्या सायीसारख्या सुरकुत्या पडल्या. टूथब्रशने घासल्यावर आतून नागडी, करडी कॅमॅरो. खरं सांगू? मला ती तशीच जाम आवडली होती.

मग तीन रात्री कापाकापी. ड्रॅग कारचं मागचं चाक ढब्बू असतं, त्यामुळे मागच्या चाकांच्या कमानी वाढवायच्या. यासाठी पेठेतल्या सोनारकामाच्या हत्यारांच्या दुकानातून आणलेली बारीक करवत. बॉनेटला चौकोनी भोक, त्यावर हवा खेचणारा स्कूप, तो एम-सीलचा. मळायचा, अंदाजे आकार द्यायचा, सुकला की घासून नेमका करायचा. आतला रोल केज विजेच्या वायरीतल्या तांब्याच्या तारेचा. मागे व्हीली बार, म्हणजे सुटताना नाक उचललं तर गाडी उलटू नये म्हणून लावलेला दांडा. तो पेपर क्लिपचा आणि त्याची चाकं म्हणजे दोन मणी. नवे अ‍ॅक्सल इंजेक्शनच्या सुईच्या नळीत फिरतात. केमिस्टने संशयाने बघितलं, ते सोडा.

रंग 'कँडी रेड'. आधी बॉडी ब्रासोने आरशासारखी घासली आणि वर पारदर्शक लाल रंगाचे पातळ हात दिले. घाई केली की ओघळ येतो, म्हणून प्रत्येक हातानंतर सक्तीचा ब्रेक. दारावर पाण्याने सुटणारं डेकल, त्यावर नंबर १७.

"सतराच का?"

"त्याच्या जर्सीचा नंबर."

पुढे तो काही बोलला नाही. मीही विचारलं नाही. क्लिअर कोटचा हात दिला आणि गाडी डब्याखाली झाकून ठेवली, धूळ बसू नये म्हणून.

दिसायला की पळायला?

इथे या छंदाची खरी मेख आहे. खऱ्या ड्रॅग कारमध्ये इंजिन मागची चाकं फिरवतं, म्हणून तिथे रुंद, मऊ, चिकट रबर लागतं. आपल्या गाडीला इंजिनच नाही! ती उतारावरून नुसती घरंगळते. मग तेच रबर उलट ट्रॅकला धरून बसतं आणि वेग खातं. म्हणजे गाडी जितकी खऱ्या ड्रॅगस्टरसारखी दिसते, तितकी ती हळू पळते. पळवायचीच असेल तर मूळचं कडक प्लॅस्टिकचं चाक, सरळ अ‍ॅक्सल, त्यावर चिमूटभर ग्रॅफाइट पावडर आणि पोटात वजन. वजन का, तर हवेचा अडथळा जड गाडीला तुलनेने कमी छळतो. दादा सायकलच्या बेअरिंगचे छर्रे चिकटवतो; पाव इंची छर्रा साधारण एक ग्रॅमचा. शिसं जड असतं, पण मुलगी गाड्या हाताळते म्हणून ते घरात वर्ज्य.

तसंही वजनाच्या बाबतीत या गाड्या पहिल्यापासून लबाड आहेत. दीड टनाची कॅमॅरो नेमक्या प्रमाणात लहान केली तर जेमतेम पावणेसहा ग्रॅम भरेल. प्रत्यक्षात गाडी असते पस्तीसेक ग्रॅमची. उलट हिशेबाने हे खेळणं रस्त्यावरच्या गाडीएवढं केलं तर नऊ टन!

अनेक जण यावर दोन गाड्या करतात, एक शोकेसची आणि एक ट्रॅकची. मला यात जरा पळवाट वाटते. दादा मात्र सतरा नंबरला रबरच घालणार यावर ठाम होता. "ती हरेल, माहितीये मला. पण खरी दिसेल."

रविवारी सकाळी हॉलमध्ये नारिंगी ट्रॅक अंथरला. सुरुवात खिडकीच्या कट्ट्यावरून, दोन लेन, मोजून वीस फूट सात इंच. शेवटाला फोन स्लो मोशनवर. समोर पुतणीची दुकानातून जशी आली तशी निळी गाडी, काहीही न केलेली.

"आत्या, तुझी हरणार," पुतणीने आधीच जाहीर केलं.

दादाने फूटपट्टीचं गेट वर उचललं. दोन सेकंदांच्या जरा वर, सगळा खेळ खलास. निळी हातभर पुढे. लाल गाडी मात्र नाक किंचित वर, पाठ जड, अशी काय झोकात आली म्हणता! स्लो मोशनमध्ये आम्ही ती आठ-दहा वेळा बघितली, निळीकडे कुणाचं लक्षच नव्हतं. एरवी नाक मुरडणारी वहिनीसुद्धा पोळ्या टाकून आली आणि म्हणाली, "परत लाव."

खर्च विचाराल, तर गाडीपेक्षा हत्यारांचाच जास्त, पण ती एकदाच घ्यावी लागतात. पहिली गाडी अशीच घ्या, जी बिघडली तरी रडू येणार नाही. आणि ड्रिल करताना चष्मा घाला, झॅमॅकचा कीस डोळ्यात गेला तर गंमत राहत नाही.

दादाच्या टेबलावर आता पुढचं काम लागलंय. त्याला झेन करायचीय, तीच, स्प्रिंग कापलेली. त्याच्या मापाची तयार झेन त्याला अजून मिळालेली नाही, म्हणून बॉडी एम-सीलमध्ये घडवायची आणि तळ दुसऱ्या गाडीचा वापरायचा असा बेत आहे. खऱ्या झेनचा व्हीलबेस २३३५ मिलिमीटर, म्हणजे एकास चौसष्टला साडेछत्तीस. सध्या तो व्हर्नियर कॅलिपर घेऊन खेळण्यांच्या दुकानांत फिरतो आणि पाकिटावरूनच गाड्यांची मापं काढतो. दोन दुकानदार त्याला ओळखायला लागलेत. त्यातला एक त्याला बघितलं की थेट स्टूलच पुढे करतो.