अमेरिकेत डिझेल मोटार का रुजली नाही?

आपल्यापैकी काहीजण मुलाबाळांकडे अमेरिकेत राहून आले असतील. तिथं तुम्ही एक गोष्ट पाहिली असेल. ट्रक डिझेलवर, शाळेच्या पिवळ्या बस बहुतेक डिझेलवर, मोठाल्या पिकअपपैकी कित्येक डिझेलवर. पण घरची मोटार म्हणाल तर पेट्रोलवर, नाहीतर आता विजेवर. नव्या मोटारींमध्ये डिझेलची शंभरात एखादी सापडली तर सापडली. आणि पश्चिम युरोपात? २०११ च्या सुमाराला तिथं विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याहून जास्त डिझेलच्या होत्या. इंजिन तेच, बनवणाऱ्या कंपन्याही बऱ्याचशा त्याच. मग एवढा फरक कशामुळे?

यावर नेहमीचं उत्तर असं, की अमेरिकन माणसाला डिझेलचा आवाज आणि वास आवडत नाही. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. आवाज-वास युरोपातल्या माणसालाही येतच होता. खरं उत्तर शोधायचं तर तीन गोष्टी बघाव्या लागतात. खिशातला हिशेब, एक फसलेलं इंजिन आणि धुराचा कायदा.

आधी इंजिनाबद्दल दोन शब्द. पेट्रोलच्या इंजिनात हवा आणि इंधनाचं मिश्रण ठिणगीनं पेटतं. डिझेलमध्ये ठिणगी नाही. तिथं नुसती हवा इतकी दाबतात की ती तापून लाल होते म्हणा ना, आणि मग त्यात डिझेलचा फवारा मारला की ते आपोआप पेट घेतं. हा दाब जास्त असल्यामुळे इंधनातली जास्त ऊर्जा चाकापर्यंत पोचते. शिवाय एक लिटर डिझेलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा ऊर्जाही थोडी जास्त असते. म्हणून डिझेल गाडी तेवढ्याच इंधनात जास्त लांब जाते. पण दाब सोसायचा म्हणजे इंजिन दणकट हवं, आणि दणकट म्हणजे महाग.

आता खिशाचा हिशेब मांडू. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. एक माणूस वर्षाला १२,००० मैल गाडी चालवतो. पेट्रोलची गाडी गॅलनला ३० मैल देते, डिझेलची ४० मैल. म्हणजे पेट्रोल लागलं ४०० गॅलन, डिझेल ३००. पेट्रोल ३ डॉलर आणि डिझेल साडेतीन डॉलर धरलं, तर खर्च १,२०० विरुद्ध १,०५०. वर्षाची बचत दीडशे डॉलर. डिझेल गाडी दोन हजार डॉलरनं महाग असेल, तर ते पैसे वसूल व्हायला तेरा वर्षं! तोवर माणसानं गाडी विकलेली असते.

हाच हिशेब युरोपात करा. पेट्रोल ७ डॉलर, डिझेल ६.३० धरू. खर्च २,८०० विरुद्ध १,८९०. बचत नऊशेच्या वर. सव्वादोन वर्षांत पैसे वसूल. गाडी तीच, माणूसही तसाच. बदलला तो फक्त पंपावरचा भाव.

आणि हा भाव काही आभाळातून पडत नाही, त्यात कराचा मोठा वाटा असतो. अमेरिकेत केंद्राचा कर पेट्रोलवर गॅलनमागे १८.४ सेंट आहे, डिझेलवर २४.४ सेंट. जड ट्रक रस्त्यांची झीज जास्त करतात, तेव्हा त्यांच्या इंधनावर कर जास्त, असा त्यामागचा विचार. युरोपातल्या बहुतेक देशांनी उलटं केलं. मालवाहतूक स्वस्त राहावी म्हणून डिझेलवर कर कमी ठेवला, आणि त्या सवलतीत मोटारवालेही आपसूक बसले.

तरीसुद्धा अमेरिकेत डिझेलला एकदा संधी आली होती. १९७३ आणि १९७९ च्या तेलसंकटांत पंपांवर रांगा लागल्या आणि लोक कमी इंधन पिणारी गाडी शोधू लागले. जनरल मोटर्सनं १९७८ च्या मॉडेलांपासून ओल्ड्समोबिलचं ५.७ लिटरचं डिझेल इंजिन बाजारात आणलं. १९८१ च्या सुमाराला नव्या मोटारींत डिझेलचा वाटा सहा टक्क्यांच्या आसपास गेला. पण या इंजिनाची घडण पेट्रोल इंजिनाच्या साच्याला धरून होती. ब्लॉक जाड केला, मात्र सिलिंडर हेडच्या बोल्टांची मांडणी जुनीच ठेवली. डिझेलच्या दाबाला ते बोल्ट पुरेनात. हेड गॅस्केट जायला लागली. इंधनातलं पाणी वेगळं करणारा भागही दिलेला नव्हता. ग्राहक कोर्टात गेले, आणि १९८५ नंतर ते इंजिन बंद झालं. तेवढ्यात तेलही स्वस्त झालं. डिझेल म्हणजे डोकेदुखी, हे एका पिढीच्या मनात पक्कं बसलं.

आता तिसरी गोष्ट, आणि आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस एंजेलिसवर असं धुरकं पसरलं की डोळे चुरचुरू लागले. युद्धाचे दिवस. लोकांना वाटलं, शत्रूनं विषारी वायू सोडला! पुढे आरी हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानं उलगडा केला. मोटारींच्या धुरातली हायड्रोकार्बनं आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि तोच डोळ्यांना नि फुप्फुसांना बाधतो. म्हणजे शत्रू बाहेरचा नव्हता, आपल्याच गाडीच्या सायलेन्सरमधून येत होता.

पुढे कॅलिफोर्नियाचं लक्ष नायट्रोजनच्या ऑक्साइडांवरही राहिलं. आणि नेमकं इथंच डिझेल अडकतं. पेट्रोल गाडीतला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर ही ऑक्साइडं मोडतो, पण धुरात जादा प्राणवायू असेल तर त्याचं चालत नाही. डिझेलच्या धुरात तर प्राणवायू भरपूर. वर आणखी एक पेच. ज्वलनाचं तापमान उतरवून ऑक्साइडं कमी केली की काजळी वाढते. म्हणून काजळीला वेगळा फिल्टर आणि ऑक्साइडांसाठी युरियाची टाकी किंवा दुसरी एखादी यंत्रणा लागते. किंमत पुन्हा चढली.

अमेरिकेनं २००४ पासून टप्प्याटप्प्यानं जे नियम आणले, त्यात पेट्रोल-डिझेल असा भेदच ठेवला नाही. कंपनीच्या गाड्यांची सरासरी मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४३ मिलिग्रॅम. त्याच काळात युरोपात पेट्रोल गाडीला ८० मिलिग्रॅम आणि डिझेलला २५० मिलिग्रॅम चालत होते. चाचणीच्या पद्धती वेगळ्या आहेत, तरी अंतर उघड दिसतं. काही वर्षं तर कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आणि आणखी काही राज्यांत नवी डिझेल मोटार विकताच येत नव्हती.

मग युरोप आंधळा होता का? नाही. युरोप दुसराच धूर मोजत होता. तिथं भर होता कार्बन डायऑक्साइडवर. कमी इंधन म्हणजे कमी कार्बन, म्हणून डिझेलला झुकतं माप. त्याची किंमत शहरातल्या माणसांनी श्वासातून मोजली.

शेवटचा घाव सगळ्यांना माहीत आहे. फोक्सवॅगननं 'स्वच्छ डिझेल' म्हणून अमेरिकेत गाड्या विकल्या. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या एका छोट्या चमूनं गाडीच्या डिकीत यंत्र ठेवून रस्त्यावरच धूर मोजला. या चमूत भारतातून गेलेले संशोधकही होते. प्रयोगशाळेत शहाणी वागणारी गाडी रस्त्यावर मर्यादेच्या कितीतरी पट ऑक्साइडं सोडत होती. चाचणी ओळखणारं सॉफ्टवेअरच आत बसवलेलं होतं. सप्टेंबर २०१५ मध्ये प्रकरण फुटलं. अमेरिकेत पावणेपाच लाखांहून जास्त आणि जगभरात सुमारे एक कोटी दहा लाख गाड्या त्यात निघाल्या. त्यानंतर युरोपातही डिझेलचा वाटा घसरत गेला.

आपल्याकडे काय झालं तेही आठवून बघा. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे भाव सरकारनं मोकळे केले, पेट्रोलशी असलेलं अंतर आटलं. एप्रिल २०२० मध्ये बीएस-६ आलं आणि मारुतीनं डिझेल मोटारी बंद केल्या. म्हणजे भाव आणि नियम बदलले, की आपलीही आवड बदलली.

तेव्हा मंडळी, लोकांना काय आवडतं एवढ्यावरून बाजार समजत नाही. कर कशावर लावला आणि कोणता धूर मोजला, हे आधी विचारावं लागतं. जो धूर आपण मोजत नाही, तो कुणाच्या तरी छातीत साठत असतोच. इथं थांबू या. आता तुमचे प्रश्न घेऊ.