दुधाच्या गॅलनमधली हिवाळी पेरणी

दुधाचा रिकामा गॅलन रिसायकलिंगच्या डब्यात टाकण्याआधी क्षणभर थांबा. त्यात माती भरून चार बिया पेरायच्या आणि डिसेंबरच्या थंडीत, बर्फ पडेल अशा जागी तो उघड्यावर ठेवून द्यायचा, असं सांगितलं तर तुम्ही मला वेड्यात काढाल. इथे मिशिगनमध्ये माझ्या शेजारणीनं हे सांगितलं तेव्हा मीही तिला मनातल्या मनात तेच म्हटलं होतं. आपल्या डोक्यात पेरणी म्हणजे मृगाचा पाऊस. उणे पंधरा अंशांत कोण पेरतं?

पण त्याआधीच्या वर्षीची माझी कामगिरी काही सांगण्यासारखी नव्हती. मोनार्क फुलपाखरांसाठी मिल्कवीड लावायचं म्हणून मी शरद ऋतूत त्याच्या वाळलेल्या शेंगा गोळा केल्या होत्या. हे झाड आपल्या रुईच्या कुळातलं. पान तोडलं की पांढरा चीक येतो, शेंग उकलली की म्हाताऱ्या उडतात. आपल्याकडे रुईवर प्लेन टायगर फुलपाखरू अंडी घालतं. इथे त्याचं भावंड मोनार्क मिल्कवीडवर घालतं आणि मोनार्कच्या अळ्या दुसरं काही खातच नाहीत. मार्चमध्ये मी स्वयंपाकघरातल्या खिडकीत बिया पेरल्या, ऊब दिली, पाणी दिलं, सहा आठवडे वाट पाहिली. दोन उगवल्या आणि त्यांनीही चार दिवसांत मान टाकली.

चूक बियांची नव्हती, माझ्या प्रेमळ उबेची होती.

थंड प्रदेशातल्या झाडाच्या बिया शरदात जमिनीवर पडतात. ऑक्टोबरात ओल असते, ऊनही असतं. लगेच उगवल्या तर महिन्याभरात रोपं गोठून मरतील. म्हणून अशा बियांना आतूनच कुलूप असतं. ॲब्सिसिक आम्ल नावाचं संप्रेरक त्यांना झोपवून ठेवतं. बी ओली असताना काही आठवडे थंडीत राहिली की या आम्लाचा प्रभाव ओसरतो आणि जिबरेलिन हे जागं करणारं संप्रेरक वरचढ होतं. मिल्कवीडला यासाठी साधारण ३० दिवस लागतात, काही जातींना त्याहून जास्त.

इथे दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, थंडी ओली हवी. पाकिटातली कोरडी बी वर्षभर फ्रिजमध्ये ठेवली तरी तिचा हिवाळा सुरूच होत नाही. दुसरी, ही मोजणी सर्वांत चांगली चालते ती गोठणबिंदूच्या जरा वर, १ ते ५ अंशांच्या आसपास. माती दगडासारखी गोठते तेव्हा घड्याळ जवळजवळ थांबतं. खरं काम डिसेंबरच्या सुरुवातीला आणि मार्चच्या चिखलात होतं.

आपल्याकडची धूळपेरणी आठवते? पाऊस येण्याआधी कोरड्या मातीत बी टाकायची आणि पावसाची वाट पाहायची. हिवाळी पेरणी तिची बहीणच म्हणा. तिथे बी पाण्यासाठी थांबते, इथे उबेसाठी. धूळपेरणीतला धोका मात्र तुम्हाला ठाऊक आहे. एखादी फसवी सर येते, बी उगवते, मग पाऊस दडी मारतो आणि दुबार पेरणी कपाळी येते. इथेही जानेवारीत अधूनमधून तीन-चार दिवस फसवा वसंत येतो. बी त्याला भुलत नाही, कारण तिच्या हिशेबात थंडीचे आठवडे अजून भरलेले नसतात.

हा संयम किती टिकू शकतो? विल्यम बील या वनस्पतिशास्त्रज्ञानं १८७९ साली इथल्याच ईस्ट लान्सिंगमध्ये वाळूत मिसळलेल्या बियांच्या २० बाटल्या पुरल्या. त्यातली एक २००० साली उघडली. १२० वर्षांनंतरही काही बिया उगवल्या आणि एक रानटी माल्व्हाची बी तर थंडीत ठेवल्यानंतरच जागी झाली.

आता कृती. लाँग आयलंडच्या ट्रुडी डेव्हिडॉफ यांनी लोकप्रिय केलेली ही पद्धत सोपी आहे. गॅलनच्या तळाला पाच-सहा भोकं पाडा. तळापासून चार बोटांवर तो आडवा कापा, पण मुठीच्या बाजूनं बिजागरीसारखा जोडलेला ठेवा. कापल्या जागेच्या काठापर्यंत ओलं पॉटिंग मिक्स भरा, बिया पेरा, झाकून कडेनं चिकटपट्टी लावा. वरचं बूच मात्र काढून टाका. बर्फ आणि पाऊस तिथूनच आत जाणार आणि उन्हाची वाफ तिथूनच बाहेर पडणार. नाव पेन्सिलीनं पट्टीवर लिहून ती पट्टी आत खोचा. मार्करची शाई उन्हात उडते आणि एप्रिलमध्ये सगळे गॅलन सारखेच दिसतात.

मार्चनंतर आतल्या बाजूला दवाचे थेंब दिसत नसतील तर पाणी द्या. रोपं दिसली की उबदार दिवसा झाकण उघडायचं, गोठवणाऱ्या रात्री बंद करायचं. ही रोपं वाऱ्या-उन्हात वाढलेली असतात, त्यामुळे बागेत लावताना खिडकीतल्या रोपांसारखी कोमेजत नाहीत.

पण सगळंच गॅलनमध्ये घालू नका. मिरची, वांगी, भेंडी, गवार ही उबेची लेकरं. थंड ओल्या मातीत त्यांच्या बिया कुजतात. त्यांना घरातच ठेवा. कोथिंबीर आणि पालक यांना थंडीची गरज नसली तरी ती चालते. फेब्रुवारीच्या शेवटी पेरा, धणे आधी रगडून घ्या.

युरोपातल्या वाचकांनो, तुमच्याकडे साधं मिल्कवीड आक्रमक वनस्पती म्हणून २०१७ पासून युरोपीय संघाच्या प्रतिबंधित यादीत आहे. तुम्ही काउस्लिप लावून बघा, तिलाही थंडी लागतेच. आखातात हिवाळा विकत मिळत नाही, पण फ्रिज आहे. लॅव्हेंडरच्या बिया ओल्या वाळूत घालून तीन-चार आठवडे खालच्या कप्प्यात ठेवा. फक्त डब्यावर नाव लिहा, नाहीतर कोणीतरी ओवा समजून फोडणीत घालेल.

माझ्या गॅलनमध्ये एप्रिलमध्ये कोथिंबीर आली. मिल्कवीड नाही. एप्रिल संपेपर्यंत नाही. मी ती माती कुंडीत ओतायला निघाले, तर शेजारीण म्हणाली, आठवडाभर थांब. मेच्या पहिल्या रविवारी वाकून पाहिलं, तर मातीला बारीक भेगा पडल्या होत्या आणि प्रत्येक भेगेत एक वाकलेली हिरवी मान होती.

त्या वर्षी फुलं आली नाहीत. मिल्कवीडला पहिल्या वर्षी बहुधा येतही नाहीत. पण ऑगस्टमध्ये एका पानाच्या खालच्या बाजूला टाचणीच्या डोक्याएवढं पांढुरकं अंडं होतं. तुम्हीही पानं उलटून बघत जा.