सोन्याच्या काड्यांचं शेजारपण

काळोख्या खोलीतही तुम्ही उजळत असता, हे माहीत आहे का? खरंच! आपल्या अंगातून सतत अवरक्त प्रकाश बाहेर पडत असतो. डोळ्यांना मात्र तो दिसत नाही. १८०० साली इंग्लंडमध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सप्तरंग पाडले आणि लाल रंगाच्या पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं तिथे, तापमापक ठेवला. तर पारा चढला! तोच हा अवरक्त प्रकाश.

असा प्रकाश देणाऱ्या चिमुकल्या अँटेना आता शास्त्रज्ञ बनवतात. म्हणजे काचेसारख्या तुकड्यावर बसवलेल्या सोन्याच्या काड्या! लांबी जेमतेम दोन-तीन मायक्रॉन. केसाच्या जाडीत अशा पंचवीसेक काड्या टोकाला टोक लावून मावतील. रुंदी तर नॅनोमीटरमध्येच मोजायची.

काडी तापली की तिच्यातले इलेक्ट्रॉन या टोकाकडून त्या टोकाकडे झोके घेऊ लागतात. झोक्याची दोरी लांब असेल तर तो संथ चालतो, आखूड असेल तर भराभर. काडीचंही तस्संच. त्या झोक्यांच्या तालावर अवरक्त प्रकाश बाहेर पडतो.

आता खरी गंमत! पहिल्या काडीच्या पुढे, त्याच रेषेत, दुसरी काडी ठेवा. मध्ये अगदी बारीक फट. दोन्हींतले इलेक्ट्रॉन एकाच वेळी उजवीकडे गेले, तर फटीच्या एका बाजूला ऋण भार जमतो आणि समोर धन. ते एकमेकांना ओढतात, इलेक्ट्रॉनांना परतायची घाई राहत नाही. ताल संथावतो आणि प्रकाशाची तरंगलांबी वाढते. काड्या तेवढ्याच, सोनं तेच, तरी प्रकाश बदलला!

त्याच काड्या शेजारी-शेजारी, समांतर ठेवल्या तर? आता ऋणाशेजारी ऋण येतं. ते एकमेकांना ढकलतात, ताल वाढतो, तरंगलांबी घटते. आणि एकीतले इलेक्ट्रॉन डावीकडे जाताना दुसरीतले उजवीकडे गेले, तर दोघींच्या लाटा एकमेकींना जवळजवळ पुसून टाकतात. काड्या तापलेल्या, इलेक्ट्रॉन धावताहेत, पण त्या झोक्यांचा प्रकाश जवळपास नाहीच! मला तर हीच गोष्ट सगळ्यात भारी वाटते.

याचा उपयोगही आहे बरं. कार्बन डायऑक्साइड वायू ४.२६ मायक्रॉनच्या आसपासचा अवरक्त प्रकाश गिळतो. काड्यांची लांबी आणि अंतर जुळवून नेमका तेवढाच प्रकाश काढता आला, तर तो हवेतून सोडायचा आणि पलीकडे किती पोचला ते बघायचं. जितका कमी पोचेल, तितका हवेत कार्बन डायऑक्साइड जास्त.