दोरीला टेन्शन का येतं?

१० अधिक १० किती?

प्रश्न मेसच्या बिलाचा असेल तर २०. पण प्रश्न बलांचा, म्हणजे फोर्सेसचा असेल, तर उत्तर ० ते २० न्यूटन यांमधलं काहीही असू शकतं! दोघांनी टेबल एकाच दिशेने ढकललं तर २०, समोरासमोरून ढकललं तर ०, आणि काटकोनात ढकललं तर साधारण १४. बल किती, याच्याइतकंच ते कुठल्या दिशेला, हेही महत्त्वाचं. म्हणूनच बल ही सदिश राशी, आपल्या भाषेत व्हेक्टर.

बेरजेची रीत सोपी आहे. एकाच बिंदूवर लागणारी दोन बलं दोन बाणांनी दाखवायची; बल जेवढं मोठं, तेवढा बाण लांब. त्या दोन बाजूंवर समांतरभुज चौकोन पुरा करायचा. त्याच बिंदूतून निघणारा कर्ण म्हणजे रिझल्टंट. न्यूटनने १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त गतीच्या तीन नियमांनंतर लगेच हीच गोष्ट मांडली आहे. मराठी पुस्तकात याला 'परिणामी बल' म्हणतात. कॉन्व्हेंटमुळे हा शब्द मला हॉस्टेलवर आल्यावर कळला, पण मला तोच जास्त पटतो. एवढ्या ओढाताणीचा शेवटी परिणाम काय, ते तो सरळ सांगतो.

आता हे आपल्या कपडे वाळत घालायच्या दोरीला लावून बघू. दोन हुकांमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि मधोमध ओल्या कपड्यांची ५ किलोची पिशवी टांगली आहे. तिचं वजन साधारण ५० न्यूटन, सरळ खाली. दोरीचे दोन्ही भाग तिला तिरके वर ओढतात. त्या ताणांचे आडवे भाग एकमेकांविरुद्ध असल्याने रद्द होतात. वजन पेलतात ते फक्त उभे भाग. दोरी जितकी सपाट, तितका हा उभा हिस्सा छोटा. मग तेच वजन पेलायला मूळ ताणच वाढावा लागतो.

ताण = वजन ÷ (२ × साइन थीटा), इथे थीटा म्हणजे दोरीचा आडव्या रेषेशी कोन.

आकडे घालून बघा. दोरी मध्ये ११५ सेंमी खाली आली, तर कोन ३०° आणि ताण ५० न्यूटन. ३५ सेंमी आली तर कोन १०°, ताण १४४. १७.५ सेंमीला कोन ५°, ताण २८७. आणि फक्त ३.५ सेंमी आली तर कोन १°, ताण तब्बल १४३२ न्यूटन! पिशवी ५ किलोची, पण हूक ओढला जातोय जवळजवळ १४५ किलोच्या वजनाइतका. कोन शून्य केला तर भागाकारच होत नाही. म्हणजे मध्ये वजन टांगलेली दोरी पूर्ण सरळ राहूच शकत नाही.

विश्वास बसत नसेल तर पाण्याने भरलेल्या बादलीच्या कडीतून एक दोरी ओवा आणि दोघांनी दोन टोकं धरा. जवळ उभे राहिलात तर बादली सहज उचलली जाते. आता एकेक पाऊल मागे सरका. पाणी तेवढंच, पण हात भरून येतात.

क्रेनच्या स्लिंगचंही हेच. दोन पायांची स्लिंग आडव्याशी ६०° वर असेल तर प्रत्येक पायावर ओझ्याच्या ५८ टक्के ताण येतो. ३०° वर आली की प्रत्येक पायावर पुऱ्या ओझ्याइतका! ओझं न वाढवता नुसत्या कोनामुळे स्लिंग तुटू शकते, आणि खाली माणसं असतात.

तेव्हा फर्स्ट इयरवाल्यांनो, मेकॅनिक्सच्या पेपरात आधी फ्री बॉडी डायग्राम काढा, प्रत्येक बाणाची दिशा दाखवा, मगच बेरीज करा. आणि गॅदरिंगचा बॅनर असो की कपड्यांची दोरी, बांधताना "अजून खेच, अजून खेच" करू नका. थोडा झोल राहू द्या. दोरीलाही टेन्शन कमी, आणि भिंतीतल्या हुकालाही!