जर्मनीत नोकरी, दिवसभर काम, मग जर्मन शिकायचं कधी?

कुंडलिका नदीच्या एका काठावर रोहा आणि दुसऱ्या काठावर अष्टमी. शेजारी धाटावची एमआयडीसी, त्यामुळे केमिकल, मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल शिकलेली मुलं इथे घरोघरी सापडतात. पूर्वी यातली बरीचशी मुंबई-पुण्याला किंवा आखातात जायची. आता त्यांच्या तोंडी आणखी एका देशाचं नाव येऊ लागलंय, ते म्हणजे जर्मनी.

त्याला कारणही आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग या राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांची संख्या वर्षाला २० हजारांवरून ९० हजारांपर्यंत नेण्याची घोषणा जर्मनीने केली. बाडेन-व्युर्टेम्बर्गची राजधानी स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८ पासूनची भगिनी शहरं. म्हणजे हे नातं काही कालचं नाही.

पण तिथे पोहोचल्यावर अडचण येते ती भाषेची. नर्सिंगसारख्या कामात जर्मन आल्याशिवाय उभंच करत नाहीत, त्यामुळे ती मंडळी भाषा शिकूनच निघतात. खरी पंचाईत होते ती इंग्रजीवर नोकरी मिळालेल्या इंजिनिअरची आणि आयटीवाल्याची.

इंग्रजीवर भागतं, मग शिकायचं कशाला?

ऑफिसात इंग्रजी चालतं. मॉलमध्ये इशाऱ्यांवर निभतं. पण घरमालकाचं पत्र, टॅक्स ऑफिसची नोटीस, डॉक्टरची अपॉइंटमेंट, मुलाच्या बालवाडीतली पालकसभा हे सगळं जर्मनमध्ये असतं. आणि कंपनीत माणसं कमी करायची वेळ आली, की इंग्रजीवर चालणाऱ्या नोकऱ्या किती थोड्या आहेत हे कळतं.

सगळ्यात मोठा मुद्दा परवान्याचा. 'ब्लू कार्ड'वर गेलेल्या माणसाचा मुक्काम सुरुवातीला नोकरीला बांधलेला असतो. नोकरी गेली की परवान्याचाही प्रश्न उभा राहतो. कायम वास्तव्याचा परवाना मिळाला की ही दोरी सुटते. तो मिळवायला ब्लू कार्डवर २७ महिने नोकरी आणि पेन्शनची वर्गणी भरलेली लागते, सोबत ए१ म्हणजे अगदी प्राथमिक जर्मन. पण बी१ पातळीचं जर्मन येत असेल, तर हाच परवाना २१ महिन्यांत मिळू शकतो. म्हणजे भाषेची किंमत सरळ सहा महिने.

नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षांचं वास्तव्य आणि बी१ लागतं. चांगलं जर्मन येणाऱ्यांना तीन वर्षांत नागरिकत्व देणारी वाट २०२४ मध्ये सुरू झाली होती, पण २०२५ मध्ये ती बंद झाली. शिवाय जर्मनीला दुहेरी नागरिकत्व चालत असलं तरी भारताला चालत नाही, हेही लक्षात ठेवायला हवं.

ए१, बी१ म्हणजे काय?

युरोपात भाषेच्या सहा पायऱ्या मानतात : ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. ए१ म्हणजे नाव-गाव सांगता येणं, दुकानात काय हवं ते मागता येणं. बी१ म्हणजे रोजचे व्यवहार स्वतःच्या बळावर उरकता येणं. बी२ला पोहोचलात की ऑफिसातल्या चर्चेत भाग घेता येतो.

बी१ला किती वेळ लागतो? जर्मन सरकारच्या 'इंटिग्रेशन कोर्स'मध्ये बी१पर्यंत नेण्यासाठी भाषेच्या ६०० तासिका धरलेल्या आहेत. एक तासिका ४५ मिनिटांची, म्हणजे एकूण ४५० तास. आता हिशेब करा. आठवड्यातले पाच दिवस रोज एक तास दिला, तर ९० आठवडे होतात, म्हणजे जवळपास २१ महिने. ब्लू कार्डची २१ महिन्यांची मुदतही तेवढीच! याचा अर्थ असा, की रोजचा एक तास पहिल्या आठवड्यापासून दिला तरच गणित जेमतेम जुळतं. 'आधी स्थिरस्थावर होऊ, मग बघू' म्हणणाऱ्याचे ते सहा महिने तिथेच जातात.

म्हणूनच ए१ गावातूनच करून निघणं शहाणपणाचं. मुंबई आणि पुण्यात गोएथे इन्स्टिट्यूटचं मॅक्स म्युलर भवन आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्येही जर्मन शिकवतात. अष्टमीहून रोज तिथे जाणं शक्य नाही, पण ऑनलाइन वर्गांमुळे आता ती अट उरलेली नाही.

मराठी माणसाला जर्मन अवघड का वाटतं?

कारण तो ती इंग्रजीच्या वाटेने शिकायला जातो. मराठीच्या वाटेने गेलं, तर बऱ्याच गोष्टी ओळखीच्या निघतात.

*तीन लिंगं :* इंग्रजीवाल्याला 'डेअर, डी, दास' बघून घाम फुटतो. आपल्याकडे तो, ती, ते आहेतच. लिंगं जुळतीलच असं नाही. आपला सूर्य 'तो', तर जर्मन सूर्य 'ती'. चंद्र मात्र दोन्हीकडे 'तो'. जर्मनमध्ये मुलीला नपुंसकलिंग आहे म्हणून लोक हसतात, पण आपणही 'ते पोरगं' म्हणतोच की. त्यामुळे शब्द पाठ करताना लिंगासकटच करायचा.

*आकडे :* एकवीसला जर्मनमध्ये 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश' म्हणतात, म्हणजे 'एक आणि वीस'. पंचेचाळीस म्हणजे 'पाच आणि चाळीस'. आधी एकक, मग दशक, अगदी आपल्यासारखं. इंग्रजीतून भाषांतर करत बसलात तर फोन नंबर चुकतो. मराठीतून ऐकलात तर बरोबर लागतो.

*क्रियापद शेवटी :* 'कारण मी रोह्यात राहतो' हे वाक्य जर्मनमध्ये 'वाइल इश इन रोहा वोने' असं होतं. 'वोने' म्हणजे 'राहतो', आणि ते शेवटीच येतं. साध्या वाक्यात क्रियापद दुसऱ्या जागी असतं, पण 'कारण', 'की', 'जर' आले की ते शेवटी जातं.

*उच्चार :* वेळेला जर्मनमध्ये 'त्साइट' म्हणतात. त्यातला 'त्स' म्हणजे आपल्या 'चमचा'तला च. हिंदी भाषकाला तो शिकावा लागतो, आपल्याला आयता मिळतो. 'यू' आणि 'ओ'वर दोन टिंबं असलेले स्वर मात्र आपल्याकडे नाहीत, ते ऐकून ऐकूनच जमतात.

*तू आणि तुम्ही :* 'डू' आणि 'झी' यांतला फरक आपल्याला वेगळा शिकवावा लागत नाही. सहकाऱ्यांमध्ये बहुतेक वेळा 'डू' चालतं. सरकारी कचेरीत आणि अनोळखी माणसाशी 'झी'.

वेळ आणायचा कुठून?

१. क्लास संध्याकाळीच हवा असं नाही. भारताची वेळ जर्मनीपेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास पुढे असते. जर्मनीत हिवाळ्यात सकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा पुण्यात अकरा झालेले असतात. पुण्यातल्या शिक्षकाशी ऑफिसच्या आधी तासभर सहज बसता येतं. संध्याकाळी थकून बसलेल्या डोक्यात व्याकरण शिरत नाही.

२. 'फोल्क्सहोखशूले' शोधा. जवळपास प्रत्येक जर्मन शहरात प्रौढांसाठी अशी लोकशाळा असते. खासगी क्लासच्या मानाने तिची फी कमी असते आणि तिथे संध्याकाळचे वर्गही मिळतात.

३. फुकटात मिळतं ते घ्या. 'डॉइचे वेले' या जर्मन प्रसारण संस्थेचा 'निकोस वेग' हा ए१ ते बी१चा व्हिडिओ कोर्स मोफत आहे. त्यांच्याच सावकाश वाचलेल्या बातम्या ट्राममध्ये उभ्या उभ्या ऐकता येतात.

४. शिक्षण-रजा मागा. बहुतेक जर्मन राज्यांत नोकरदाराला शिक्षणासाठी वर्षाला साधारण पाच दिवस पगारी रजा मिळते. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ती आहे, बव्हेरियात नाही. मान्यताप्राप्त भाषावर्गासाठीही ती घेता येते. कित्येक भारतीयांना ही सोय माहीतच नसते.

५. परीक्षेचे तुकडे करा. गोएथेच्या बी१ परीक्षेत वाचन, ऐकणं, लेखन आणि बोलणं असे चार भाग असतात. ते वेगवेगळे देता येतात आणि प्रत्येकात १०० पैकी ६० गुण लागतात. एका भागात अडलात, तर तेवढाच पुन्हा द्यायचा.

६. ऑफिसात दिवसाची १५ मिनिटं जर्मनची ठरवून घ्या. तुम्ही अडखळलात की समोरचा सौजन्याने इंग्रजीवर येतो आणि तुमचा सराव तिथेच संपतो. तेव्हा त्याला आधीच सांगून ठेवा, की जेवणाच्या टेबलावर जर्मनच बोलू, चुका झाल्या तरी चालतील.

घरातल्या दुसऱ्या माणसाचं काय?

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनचं प्रमाणपत्र दाखवावं लागत नाही. सवलत चांगली आहे, पण तिची दुसरी बाजूही बघायला हवी. नोकरी करणाऱ्याला निदान ऑफिस असतं. सोबत आलेली बायको किंवा नवरा भाषेशिवाय चार भिंतींत अडकतो. इथली पदवी असूनही तिथे काम मिळत नाही, बसमध्ये कुणी बोललं तर उत्तर देता येत नाही. त्यामुळे घरात क्लासचा वेळ आणि पैसे एकाच्याच वाट्याला येत असतील, तर आधी कुणी शिकायचं याचा विचार दोघांनी बसून करावा. दोघं एकाच वेळी शिकत असतील तर उत्तम, घरातच सराव होतो.

परवान्याचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी जर्मन सरकारच्या अधिकृत संकेतस्थळावर ते एकदा तपासून घ्यावेत. भाषेचे ४५० तास मात्र कुठल्याही नियमाने कमी होत नाहीत. व्हिसाची वाट बघण्यात काही महिने जाणारच असतील, तर ए१ची सुरुवात त्या महिन्यांतच करावी.